तीस मिनिटं घरचं बोलणं

सकाळी आठला ती खिडकीत बसते आणि चारला उठते. मधे अर्धा तास डबा, तोही अर्धाच खाऊन होतो, कारण काचेवर टकटक करणाऱ्याला डबा दिसत नाही. मोठं सरकारी हॉस्पिटल, दाराशीच चौकशीची खिडकी, आणि खिडकीत ही. सगळं हॉस्पिटल तिला चौकशीबाईच म्हणतं.

"एक्स-रे कुठे हो?"

"खाली, जिन्याच्या मागे."

"डोळ्यांचे डॉक्टर?"

"दुसरा मजला, डावीकडे, हिरवा दरवाजा."

"म्हणजे वर?"

"दुसरा मजला वरच असतो, बाबा."

एकवीस वर्षं हेच. आता गंमत बघा, माणसं विचारतात, ती सांगते, माणसं मान डोलावतात, आणि चार पावलं जाऊन झाडूवाल्याला तेच विचारतात! रोज! तिच्या डोळ्यांसमोर! दुसरी कुणी असती तर वैतागून सोडून दिलं असतं, पण हिच्या डोक्यात किडा शिरला. का विचारतात परत? आपण नीट सांगत नाही, की ते ऐकत नाहीत, की ऐकायचं वेगळंच काही असतं त्यांना? त्या किड्यापायी तिने विद्यापीठात नाव घातलं. संज्ञापन शास्त्र, म्हणजे माणसं बोलतात-ऐकतात कशी त्याचा अभ्यास, एम.ए., कामावरच्या लोकांसाठी, वर्ग फक्त शनिवारी. वर्गात सगळी पोरं तिच्या मुलीच्या वयाची, आणि ही पहिल्या बाकावर, पायातल्या चपला हळूच काढून, सुजलेले पाय फरशीवर टेकवून बसायची.

एकेक करत सगळे पेपर सुटले. एक तर वर्गात सगळ्यात जास्त मार्कांनी सुटला, पण पेढे वाटायला त्राण कुणाला होतं. राहिला फक्त प्रकल्प. आणि नियम असा की सहा वर्षांत सगळं पूर्ण व्हायला हवं, नाहीतर नोंदणी रद्द, पेपरबिपर सगळं पाण्यात. हे सहावं वर्ष, आणि शेवटची तारीख सोमवार.

प्रकल्प ऐकायला अगदी सोपा. घरातल्या माणसांचं तीस मिनिटं सलग बोलणं रेकॉर्ड करायचं. मग ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, अं, हं, खोकला, हसणं, कुणी कुणाचं बोलणं तोडलं ते, आणि कुणी थांबलं तर किती सेकंद थांबलं तेसुद्धा. मधलं काहीही कापायचं नाही. आणि ज्याचा ज्याचा आवाज असेल त्याची संमतीपत्रावर सही. झालं! बाकीच्यांनी आठवड्यात उरकलं.

हिने बुधवारी जेवायच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवला. नवरा, मुलगी, सासरे आणि ती. तीस मिनिटांत एकूण अकरा वाक्यं निघाली. त्यातली चार "वाढ" आणि "नको". बाकी नुसते भांड्यांचे आवाज. ते ऐकताना तिला स्वतःचीच लाज वाटली. संज्ञापन शास्त्राची विद्यार्थिनी म्हणे!

"असं नाही चालणार," गुरुवारी ती म्हणाली. "जरा बोला ना सगळे. नेहमीसारखं."

"नेहमीसारखंच होतं की ते," मुलगी म्हणाली. ती एकोणीस वर्षांची, जिभेला हाड नाही.

मग गुरुवारी काय झालं, ते सांगायची सोय नाही. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, दिवसभर अंधाऱ्या बोळात तेलाच्या हातांनी, एरवी तोंडातून शब्द काढायला पकड लागते. तो घसा खाकरून म्हणाला, "मग, आज तुझा दिवस कसा गेला?" लग्नापासून हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा! मुलीला ठसका लागला. सासऱ्यांनी तर, उभं आयुष्य शिवणयंत्रावर काढलेला माणूस, रेकॉर्डरकडे वाकून हात जोडले, "नमस्कार. मी यांचा सासरा. प्रकृती ठीक आहे."

"आजोबा, तो रेडिओ नाहीये!"

"मग माझा आवाज कशाला घेतायत?"

तीस मिनिटं तो तमाशा चालला. तिचं डोकं ठणकायला लागलं. "पुरे," म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. रेकॉर्डर बंद करायचा राहिला. मुद्दाम नाही हो, खरंच राहिला.

शुक्रवारी मॅडमनी पाच मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. मॅडम तिच्या मार्गदर्शक, वयाने तिच्याहून लहान, पण चांगल्या. "हे नाटक आहे," म्हणाल्या. "मला बोलणं हवंय. सोमवारी पाचला कार्यालय बंद होतं. मी काही करू शकणार नाही."

रविवारी दुपारी ती टेबलावर बसली, नाटक तर नाटक, निदान बघू म्हणून. नाटक संपलं, तिचं "पुरे" आलं, दार लोटल्याचा आवाज आला. आणि फाइल पुढे चालूच होती!

"झोपली का आई?" मुलीचा आवाज.

"पडलीय. हळू बोल," नवऱ्याचा.

"उगाच त्रास दिला तिला," सासरे.

"तिला आपण बोललेलं आवडत नाही, आणि आता म्हणते बोला."

"आवडत नाही असं नाही गं," नवरा म्हणाला. "दिवसभर बोलून येते. मागे एकदा आठवतं ना, पिशवी खाली टाकली आणि म्हणाली, आता मला कुणी काही विचारू नका. तेव्हापासून मी नाही विचारत."

"मी पण नाही," सासरे म्हणाले. "गोळी सापडत नसली तरी नाही."

सात वर्षं झाली होती त्या गोष्टीला. ती एका संध्याकाळपुरतं बोलली होती. आणि या तिघांनी ते कायमचंच धरलं होतं! तिला वाटत होतं घर मुकं झालंय, आणि घर तर तिच्यासाठी गप्प बसलं होतं.

"बाबा, मग तुम्ही खाली स्कूटरवर का बसून असता रोज?"

"ती नुकतीच आलेली असते. तेवढा वेळ शांत बसू दे तिला."

"मला वाटायचं तुमचं बाहेर काहीतरी आहे."

"मला वाटायचं विड्या ओढतो," सासरे.

तिघं हसले. मोठ्यांदा, मग कुणीतरी श्श केलं. तिने सवयीने सेकंद मोजले, हसणं सहा सेकंद.

मग नवरा म्हणाला, "एकदा मी गेलो होतो तिच्या खिडकीवर."

"कधी?"

"मागच्या वर्षी. शेजारच्या इमारतीत काम होतं. म्हटलं तिथे तरी बोलेल. रांगेत उभा राहिलो, वीस-पंचवीस माणसं होती. नंबर आला. तिने वर नाही बघितलं. रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होती. म्हणाली, बोला, कुठे जायचंय."

"मग?"

"मग काय. मागे लोक होते. मी म्हटलं, डोळ्यांचे डॉक्टर. म्हणाली दुसरा मजला, डावीकडे, हिरवा दरवाजा."

"आणि?"

"गेलो दुसऱ्या मजल्यावर. जरा वेळ बसलो बाकावर. मग आलो."

इथे विराम होता. तिने मोजायला घेतला, आणि मधेच आकडा विसरली. परत मागे नेलं, परत विसरली. कोणता दिवस होता तो? कुठला शर्ट होता त्याचा? काही म्हणजे काही आठवेना. दिवसाला पाचशे माणसं, त्यात एक हा. आवाजसुद्धा ओळखला नाही आपण, बाई!

पुढे अजून बोलणं होतं. गोळ्या, मुलीची परीक्षा, शेजाऱ्यांचा नळ. नाटक सोडून एकूण चौतीस मिनिटं. अगदी खरं, अगदी हवं तसं. पण बोलणाऱ्यांना माहीत नसताना घेतलेलं. नियम स्पष्ट होता. त्यांना ते दाखवायचं, सगळ्यांनी सही केली तर वापरायचं, एकानेही नाही म्हटलं तर पुसून टाकायचं.

तिने पाचपर्यंत सगळं उतरवून काढलं आणि कागद तिघांपुढे ठेवले. वर संमतीपत्र आणि पेन.

सासऱ्यांनी चष्मा लावून फक्त स्वतःची वाक्यं वाचली. "बरोबर आहे. मी असंच म्हणालो," म्हणून ठळक सही ठोकली. मुलीने वाचलं, लाल झाली, "आई, सॉरी, ते बाहेर काहीतरी आहे वगैरे," आणि सही केली. नवऱ्याने उभ्यानेच वाचलं. पान उलटलं. परत मागचं पान बघितलं.

"हे तू ऐकलंस?"

"हो."

"मग झालं की. मॅडमला कशाला?"

"उद्या शेवटची तारीख आहे."

"ते खिडकीचं तेवढं काढ."

"काढता येत नाही. सलग लागतं."

"मग नाही," तो म्हणाला. कागद नीट सारखे करून टेबलावर ठेवले आणि बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ चालू होता.

सोमवारी तिने अर्धी रजा टाकली. विद्यापीठाच्या जिन्यात बसून तिने संमतीपत्र मांडीवर घेतलं. तिसरी रेघ रिकामी. नवऱ्याची सही तिला डोळे मिटून येते, मुलीच्या शाळेच्या वहीत शंभरदा केलीय, शेवटी ओढलेल्या शेपटीसकट. पेनाचं टोपण काढलं. सहा वर्षं, दर शनिवार. कुणाला कळणार होतं?

तिने टोपण लावलं आणि वर गेली.

"एक सही नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"नाही म्हणाले ते."

"अहो, मग परत विचारा! फोन करा. मी थांबते पाचपर्यंत. सहा वर्षं घातलीत तुम्ही!"

"ते एकदा नाही म्हणालेत, मॅडम."

तिने त्यांच्यासमोरच फाइल पुसली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. हिच्या नाही आलं, हिला फक्त कुठेतरी आडवं व्हायचं होतं.

संध्याकाळी नवरा आला, खाली न थांबता थेट वर. स्कूटरची किल्ली अजून हातातच.

"काय झालं?"

"पुसली. नोंदणी गेली."

तो दारातच उभा राहिला. "अगं, मग परत एकदा विचारायचंस ना! मी काल रागात होतो. आज दिवसभर फोन खिशात घेऊन होतो. लिफ्टच्या टपावर चढलो तरी घेऊन चढलो. तू विचारलं असतंस तर केली असती सही!"

"मग तुम्ही करायचा फोन."

"मला वाटलं तू करशील."

"दिवसभर सगळे मलाच विचारतात," ती म्हणाली, आणि आता आवाज चढला. "परत परत तेच विचारतात! मी नाही कुणाला दोनदा विचारत. मला नाही जमत!"

"मग मी समजायचं कसं?"

"आणि रांगेत उभे राहिलात ते? तोंडाने सांगता येत नव्हतं, अगं मी आहे म्हणून?"

"तू वर बघायचंस!"

"पाचशे माणसं असतात तिथे!"

सासरे बाहेर आले, मुलगी बाहेर आली. मुलीने तोंड उघडलं तसा सासऱ्यांनी तिचा दंड धरला आणि तिला आत नेलं. खोलीचं दार लोटलं. ती आणि नवरा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भांडत राहिली, आधी सहीवरून, मग स्कूटरवरून, मग सात वर्षांपूर्वीच्या त्या पिशवीवरून, ती तेव्हा नक्की काय म्हणाली होती त्यावरून. भात करपायला लागला तरी कुणी गॅस बंद केला नाही. शेवटी मुलगीच आली, बंद करून गेली, आणि जाताना काही विचारलं नाही.