तीनशे वर्षांनंतरच्या माणसाची तहान

दुसऱ्याची काळजी करण्यात माझ्या धाकट्या दिरांचा हात धरील असा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात मिळाला नसता. अडचण एवढीच, की ज्याची काळजी ते करत तो माणूस जन्माला यायला अजून तीनशे वर्षं होती. जिवंत माणसांबद्दल त्यांना बेताचीच आस्था. एकदा मी तापाने फणफणले होते, तेव्हा दारातून डोकावून त्यांनी विचारलं, "वहिनी, तापात पाणी जास्त पिता की कमी?" आणि उत्तर वहीत टिपून घेऊन निघून गेले.

भावजी मुंबईकडे अणुसंशोधनाच्या एका कचेरीत होते. तिथले वापरलेले हातमोजे, फरशी पुसायची फडकी, फुटक्या काचा, असा किरणोत्सर्ग थोडाच असलेला कचरा सिमेंटच्या खंदकात पुरत. आज त्यावर पहारा आहे. पण तीनशे वर्षांनी पहारा उठेल, कुंपण गंजेल आणि कोणीतरी तिथेच घर बांधून विहीर खणेल, वांगी लावेल. तेव्हा त्या विहिरीतून आणि वांग्यांतून त्याच्या अंगात किती किरणोत्सर्ग जाईल, याचा अंदाज आजच बांधायचा, हे भावजींचं काम. त्या माणसाला ते नुसतं 'तो' म्हणत. सुट्टीत घरी आले, की जेवताना मध्येच घास थांबवून म्हणत, "तो मुळा पाल्यासकट खात असेल का हो?" आमची मोलकरीण बरेच दिवस समजत होती, की यांचा कोणी गरीब भाऊ मुंबईला आहे.

"अरे, 'इथे खणू नये' अशी पाटी लाव आणि मोकळा हो," आमचे हे एकदा वैतागून म्हणाले. यांचं इतवारा पेठेत कापडाचं दुकान.

"कोणत्या भाषेत लावू, दादा? राज्यांची फेररचना झाली, तशी तुझ्या दुकानाची पाटी मराठीची हिंदी झाली. मशिदीसमोरून तर रोज जातोस; तिथे जुना शिलालेख आहे. वाचता येतो तुला?"

यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

लग्नाचं म्हणाल, तर एक स्थळ अगदी जमत आलं होतं. मुलीचे वडील बुधवारा पेठेतले केळ्यांचे आडते. त्यांनी कौतुकाने केळ्यांची फणी पुढे केली. भावजींनी एक केळं हातात घेऊन सांगितलं, "यात निसर्गतःच किरणोत्सर्ग असतो. पण फार थोडा, घाबरू नका."

"पाहुणे, आमच्या तीन पिढ्या केळीवर जगल्या," आडते ताठ होऊन म्हणाले.

"वा!" भावजींनी खिशातून वही काढली. "दिवसाला किती खाता?"

स्थळ तिथेच संपलं. टांग्यात हे पाठ फिरवून बसले. भावजी मात्र खुशीत. "डझनभर, वहिनी! एकटा माणूस!"

एका मे महिन्यात ते सुट्टीवर आले ते तोंड पाडूनच. नव्या खंदकाचा अहवाल तयार होता; त्यांनी सही करायची, की बढती हातात. पण अहवालात 'त्याच्या' रोजच्या पाण्याचा आकडा परदेशी पुस्तकातला होता, थंड हवेत सावलीला बसणाऱ्या माणसाचा. भावजींना तो पटेना. वरिष्ठांचं पत्र मागोमाग आलं: आकडा आहे तोच ठेवा, सही करून आठवड्यात पाठवा.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. म्हटलं, पटत नाही तर मोजा. कुढत कशाला बसता? यांच्या मावसभावाची जवळच्या निंबोला गावात केळीची बाग होती. तिथे गेलो. भर उन्हात भावजी कामकरी बायकांना स्वतःच्या हाताने लोटा भरभरून देऊ लागले आणि मी वहीत रेघा मारू लागले.

"ओ मास्तरीनबाई," गोदाबाई नावाच्या म्हातारीने मला विचारलं, "साहेब पानी कायले मोजून राह्यले? टॅक्स लागनार हाय का?"

"नाही हो. तीनशे वर्षांनी एक जण येणार आहे. त्याला किती लागेल ते बघताहेत."

"मंग आतापासून कायची घाई?"

संध्याकाळी आकडा असा निघाला, की म्हशीनेही लाजावं. मला संशय आला. गोदाबाईला विचारलं, "खरंच इतकी तहान लागते?"

"तहान कुठली! पाहुना मानूस उनात उभा राहून हातानं पानी देते, त्याले नाही कसं म्हनाव?"

दुसऱ्या दिवशी मी भावजींना बागेबाहेर आंब्याखाली बसवलं, बाईगणिक मोजून भरलेलं वेगळं मडकं ठेवलं आणि काम सुटल्यावर उरलेलं पाणी मोजलं. या वेळचा आकडा खरा होता, आणि तरीही पुस्तकातल्या माणसाच्या कितीतरी पुढे.

भावजींनी तिथेच मातीत बसून गणित मांडलं. 'त्याच्या' अंगात जाणारा किरणोत्सर्ग मर्यादेबाहेर जात होता. म्हणजे खंदकाचा आराखडा बाद, वरिष्ठ नाराज, बढती गेली. "काय करू, वहिनी?"

"मी पेपर तपासते," मी म्हटलं. "मुलगी कितीही गोड असली, तरी चुकलेल्या उत्तराला मार्क देत नाही."

त्यांनी आकडा बदलला, मगच सही केली. बढती दुसऱ्याला मिळाली. खंदकाची सिमेंटची भिंत मात्र दुप्पट जाड झाली. भावजी त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. लग्न केलंच नाही, आणि त्याचं दुःख करताना मी तरी त्यांना पाहिलं नाही.

त्यांच्या निवृत्तीनंतर मी एकदा मुंबईला गेले, तेव्हा भावजी हौसेने मला तो खंदक दाखवायला घेऊन गेले. कुंपणाबाहेरून काय दिसणार? नुसतं गवत, आणि त्यात एक बगळा.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच दिसायला हवं," भावजी म्हणाले. "गणित बरोबर असेल, तर इथे काही पुरलं होतं हेही त्याला कळणार नाही."

मला घरची कामं होती, गाडी गाठायची होती. तरी त्या गवताकडे बघत मी बराच वेळ तिथे उभी राहिले.