कोंबडीचं पीस

आरोग्याचा तास म्हणजे आम्हाला फुकटचा विसावा वाटायचा. नखं दाखवायची, दात दाखवायचे, डोक्यात उवा निघाल्या तर मान खाली घालायची, की झालं. सातवीत असताना त्याच तासाला जे घडलं, ते आज पन्नाशी उलटून गेल्यावरही जसंच्या तसं आठवतं.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या वाटेवर. काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. बाबा मुंबईला गिरणीत, घरी आई, मी आणि धाकटा भाऊ. आमच्या वर्गाचे गुरुजी साताऱ्याकडचे. शाळेमागच्या खोलीत एकटेच राहायचे आणि दोन्ही वेळ आमच्याकडे जेवायचे. आई त्यांना दादा म्हणायची, भाऊबिजेला ओवाळायची. त्यांचं ताट आणि त्यांनी घरून आणलेला पितळी तांब्या आमच्या फळीवर वेगळे ठेवलेले असत, पाहुण्याचा मान म्हणून. मला तर आईच्या सख्ख्या भावांपेक्षा हेच मामा बरे वाटायचे, कारण सख्खे नुसते लग्नाकार्याला उगवत.

त्या वर्षी वरून परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेनं कुष्ठरोगाचा धडा शिकवलाच पाहिजे, मुलांना चट्टा ओळखता आला पाहिजे, आणि रोग्याला शाळेतून, कामावरून, घरातून काढू नये, हेही त्यांना पटवून दिलं पाहिजे. असले कागद वाचून फायलीला लावून टाकायची पद्धत होती. आमच्या गुरुजींना ती जमायची नाही. त्यांनी कागद अख्खा वाचून दाखवला आणि मला म्हणाले, "उद्या येताना कोंबडीचं एक पीस आण."

मी आमच्या तांबड्या कोंबडीचं चांगलं लांबलचक पीस निवडून नेलं. मिरवतच गेले म्हणा ना.

गुरुजींनी समजावलं. चट्टा फिकट असतो, खाजत नाही, दुखत नाही, आणि तिथं स्पर्श कळत नाही. म्हणून माणसाला डोळे मिटायला सांगायचं, पीस टेकवायचं आणि कुठं टेकवलं ते त्यानं बोटानं दाखवायचं. पोरांना लाज वाटू नये म्हणून ते आधी स्वतःच खुर्चीवर बसले. बाह्या दंडापर्यंत दुमडल्या, डोळे मिटले. म्हणाले, "चल, लाव."

मी मनगटावर लावलं, त्यांनी बरोबर दाखवलं. मानेवर लावलं, दाखवलं. वर्ग हसत होता. त्यांच्या कोपराच्या वर, मागच्या बाजूला एक फिकट ठिपका होता. घामानं उठणारा साधा डाग समजून ते त्याला शिबं म्हणायचे, आम्हा सगळ्यांना तो माहीत होता. मी तिथं पीस टेकवलं.

गुरुजी डोळे मिटून बसून राहिले.

"लाव की," ते म्हणाले.

"लावलंय, गुरुजी."

मागच्या बाकावरचा एकजण फिदीफिदी हसला. गुरुजींनी डोळे उघडले. मान वळवून त्यांनी ते पीस बघितलं, अजून तिथंच टेकलेलं. "पुन्हा लाव," म्हणाले आणि डोळे मिटले. मी पुन्हा लावलं. त्यांनी काहीच दाखवलं नाही.

मग ते उठले, बाही खाली केली आणि फळ्यावर लिहिलं: हा रोग औषधानं पूर्ण बरा होतो. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. "लिहून घ्या," म्हणाले, "उद्याच मी महाडला दवाखान्यात दाखवून येतो." मला वाटलं, संपलं. गोळ्या घेतील, बरे होतील. धड्यात तसंच होतं ना. मी तो धडा खरा मानला होता.

शाळा सुटून घरी पोचले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. आई चुलीच्या चिमट्यानं गुरुजींचं ताट धरून परसात फेकायला चालली होती. तांब्या आधीच ओढ्यात गेला होता. मी बघतच राहिले. हीच बाई परवा त्यांच्यासाठी घावणे काढत होती.

"आये, पुस्तकात लिवलंय, बरा होतो रोग."

"तुज्या पुस्तकाला घाल चुलीत. घरात ल्हान पोर हाय, दिसत नाय तुला?"

दिवेलागणीला गुरुजी जेवायच्या वेळेला आले. अंगणाच्या कडेलाच उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. आईनं दार अर्धं लोटून आतूनच सांगितलं, "दादा, तुमी आता येऊ नुका. माजी पोरं हायत." दादा म्हणूनच सांगितलं, याचा मला सगळ्यात जास्त धक्का बसला.

"बरं, ताई," ते म्हणाले. "माझा तांब्या तेवढा द्या. माझ्या आईनं दिलेला आहे."

आईच्या मागून मीच म्हणाले, "तो ओढ्यात हाय, गुरुजी."

त्यांनी मान हलवली आणि ओढ्याच्या बाजूला उतरले. अंधार पडत आला होता. तांब्या सापडला की नाही, मला माहीत नाही. रात्री देवळात बैठक बसली आणि शाळेला कुलूप लावायचं ठरलं, गुरुजी जाईपर्यंत. परिपत्रकात काय लिहिलंय ते गुरुजींनी तिथं वाचून दाखवलं म्हणे. कुणी वाईट बोललं नाही, अंगावर धावलं नाही. नुसतं कुणी ऐकलं नाही. सकाळच्या एसटीनं ते गेले. कंडक्टरला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ते मागच्या सीटवर एकटेच बसले होते.

महिन्याभरानं नवे गुरुजी आले. वार्षिक परीक्षेत त्यांनी आरोग्याच्या पेपरात एक प्रश्न घातला: कुष्ठरोग्याशी आपण कसे वागावे? आम्ही सगळ्यांनी भराभर लिहिलं. त्याला घरातून काढू नये. त्याच्यासोबत जेवावे. त्याला कामावर राहू द्यावे. अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी मार्क पडले.

नवे गुरुजी खूश झाले. "इतकं छान कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आदीच्या गुरुजींनी," मी म्हणाले.

"मग? बदली झाली का त्यांची?"

मागून कुणीतरी हो म्हणालं. नव्या गुरुजींनी मान डोलावली आणि गणिताचे पेपर वाटायला घेतले.