मावशींची बिछायत

ज्याच्या लग्नात माझ्या मावससासूबाईंच्या खुर्च्या नव्हत्या असा माणूस लाखनीच्या आसपास सापडणं कठीण, आणि सापडलाच तर तो बहुधा अविवाहित निघतो. मावशींचं बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या, मोठाली भांडी, सगळं भाड्यानं मिळतं आणि त्याबरोबर न मागता मावशीही येतात. फोनवर त्या काम धरत नाहीत. आधी लग्नघरी जातात, अंगण पाहतात, चहा पितात आणि मग मुलीच्या बापाला हळूच विचारतात, "रुसणारे कोण कोण हायेत?" थोरले जावई, धाकटे काका, ज्याचा मान राहून जायची भीती त्या प्रत्येकाची चौकशी होते आणि मांडवात कूलर त्या अंदाजानं लागतात. उकडलं की माणूस जास्त रुसतो, असं त्यांचं शास्त्र आहे. गिऱ्हाइकानं रोषणाई मागितली तर त्याच रागावतात, "लग्न दिवसा हाये तुमचं. लायटिंग कायले पाह्यजे?" अशानं धंदा चालेल का, असं मी एकदा म्हणालो. "जावईबापू, त्याच्या घरी अजून दोन पोरी हायेत," मावशी शांतपणे म्हणाल्या.

मांडव कसा घालायचा हे त्या कामाच्या माणसांना सांगत नाहीत, विचारतात. "तू सांग, वारा कोणीकडून येईन?" तो सांगेल तसे बांबू रोवले जातात. चुकलं तर गिऱ्हाइकाची बोलणी मावशी स्वतः खातात आणि परत येताना गाडीत त्याला एवढंच म्हणतात, "आता समजलं ना तुले?" याचा परिणाम व्हायचा तोच झाला. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असलेल्या सुरेशला सगळंच समजलं आणि त्यानं त्याच रस्त्यावर स्वतःची बिछायत उघडली. घरात संताप उसळला. मावशी मात्र ठेवणीतली साडी नेसून उद्घाटनाला गेल्या, नारळ फोडला आणि आपल्याकडे आलेलं एक बारसं त्याच्याकडे वळवून आल्या. येताना माझ्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या. वाईट नाही वाटलं का, मी विचारलं.

"नाही कसं वाटन? काल घास उतरला नाही मले. पर दुकानं दोन झाली तं झाली, दुश्मन कायले करून ठेवू?"

पुढच्या उन्हाळ्यात दिघोरीला एका लग्नाच्या सकाळी असं वादळ सुटलं की मावशींचा मांडव उडून शेजारच्या शेतात, धानाच्या बांधीत पडला. कापड फाटलं, बांबू मोडले. नवरदेवाची वरात त्याच्या घरून निघाली होती आणि मुलीचा बाप ओट्यावर डोकं धरून बसला होता. मावशींनी सुरेशला फोन लावला. "सुरेश, माहा मांडव उडाला रे."

"तुमी पोरीच्या बापाजवळ बसा, मावशी. मी येऊन राहिलो."

तो आला तो नवं कोरं कापड, बांबू आणि आपली सगळी माणसं घेऊन. दोन्ही दुकानांची माणसं एकाच मांडवावर चढली. मीही जावयाचा मान बाजूला ठेवून दोऱ्या ओढल्या. वाजंत्री कोपऱ्यावर आली तेव्हा शेवटची गाठ मारणं चाललं होतं. पंगतीत मावशींनी सुरेश नको नको म्हणत असताना त्याच्या पानात बुंदी वाढली, आणि तिथेच उभ्या राहून पदरानं डोळे पुसले.

आता हायवेला लग्नाचे लॉन झाले आहेत. तिथे सगळं तयारच मिळतं, त्यामुळे मावशींकडे बारशी आणि तेरव्या तेवढ्या उरल्या आहेत. पत्रिका मात्र घरोघरच्या येतात. गेल्या वैशाखात आम्ही त्यांना लॉनवरच्या अशाच एका लग्नाला घेऊन गेलो, झालर लावलेल्या खुर्चीवर बसवलं, आणि थोड्या वेळानं पाहतो तर खुर्ची रिकामी. मावशी फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला "या, या" म्हणत होत्या.

"मावशी, बसा ना जरा."

"बसते, बापू. दाराशी कोणीच नाही. लोकं घुटमळून राहिले."

मुलीकडचे त्यांना मुलाकडच्या समजले, मुलाकडचे मुलीकडच्या समजले, आणि दोन्हीकडची माणसं त्यांना वाकून नमस्कार करून आत गेली.