आगेऱ्याचे भात

ऐंशी सालानंतरच्या एका सप्टेंबरात देवाने आमच्याकडे पाठ फिरवली आहे, असे मला वाटले होते. अंधेरी पूर्वेच्या आमच्या गावठाणातली बाकीची शेते इमारतींखाली गेली होती. नाल्याकाठचे माझे तेवढे उरले होते. ऑक्टोबरात आगेरा येतो. नव्या भाताची कणसे वाजतगाजत चर्चमध्ये न्यायची, फादरांनी आशीर्वाद दिलेले दाणे घरोघर वाटायचे आणि मगच नवा तांदूळ शिजवायचा, ही आम्हा ख्रिस्ती गावकऱ्यांची जुनी रीत. ती कणसे आता माझ्याच शेतातून जात.

दाणा दुधात होता आणि नाल्याचे पाणी निळे वाहू लागले. वरच्या अंगाला कापड रंगवण्याच्या शेड होत्या. त्यात खाली रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी तुंबली आणि पाणी चढत बांधाला भिडले. बांध फुटला तर त्या रंगाच्या पाण्याने पीक जळणार, हे उघड होते. मी एकटाच घमेले-फावडे घेऊन माती लावत राहिलो. कोणाकडे काही मागणे मला कधी जमले नाही. यंदा कणसे वसईहून आणू, असे फादर म्हणाले, तेव्हा मी तसाच बांधावर परतलो. प्रार्थनेला बसलो की शब्द सुचत नसत.

पुढच्या रविवारी फादरांनी वेदीवरून सांगितले की, देवाची सृष्टी नासवायची आणि तिचीच कणसे त्याला वाहायची, हे ढोंग आहे. मिस्साची उपासना संपताच सर्वांनी नाल्यावर यावे. मी चर्चच्या दारात आडवा उभा राहिलो आणि म्हणालो की शेत माझे आहे, माझे मी पाहून घेईन. शेजारच्या रोझीबायने लुगड्याचा पदर खोचला.

"शेत तुझा, पन आगेरा आमचा पन हाय ना? बाजूला हो."

मी बाजूला झालो. माणसे ठेवणीतल्या कपड्यांनिशी नाल्यात उतरली. मोरीतून निघाली ती आमच्याच सणाची कागदी फुले, मांडवाच्या चिंध्या, बाटल्या. मोरी अर्धी मोकळी झाली होती, तोच पाण्याचा लोंढा आला; वर पाऊस झाला असावा. कोपऱ्यावर बांध खचला आणि निळे पाणी भातात शिरले. टाकलेली माती टिकेना. बायकांनी रोजरीची जपमाळ सुरू केली. मला एवढेच म्हणता आले, "तुझे आहे. राखायचे तर राख."

पलीकडच्या भरणीसाठी मुरूम नेणारा एक ट्रक तेव्हा रस्त्यावर थांबला. चालक अनोळखी, बोली घाटावरची. त्याने खाली उतरून भाताकडे पाहिले.

"बाबा, ह्यो मुरूम शेतं बुजवायलाच चाललाय. आज एक वाचवू द्या त्याला."

त्याने ट्रक मागे घेतला आणि सारी खेप खिंडारावर ओतली. आम्ही ती तुडवून दाबली. पाणी अडले. मान वर केली तेव्हा ट्रक गेला होता. पुढे भरणीवरच्या कित्येक ट्रकांत मी डोकावलो. तो माणूस दिसला नाही. यावर मी अधिक काही म्हणत नाही.

निम्मे पीक पिवळे पडले. उरलेल्यातून आगेरा झाला. विळा हातोहात फिरला आणि प्रत्येकाने मूठभर कापले; मी कापलेल्या मुठीला रोझीबायने नावे ठेवली. त्यानंतर सणाचा कचरा नाल्यात गेला नाही. दर महिन्याला मिस्सानंतर मंडळी मोरी साफ करायला येतात, आणि हाक मी मारतो.

मला देवाकडून फक्त पीक हवे होते. त्याने माणसे पाठवली, आणि मी दारातून बाजूला होईपर्यंत बांध धरून ठेवला. त्याचे उपकार मानतो.