मनिषानं निवडलेलं मेडिकल

औषध कोणतं घ्यायचं हे डॉक्टरांनी सांगितलं, पण ते कोणत्या दुकानातून घ्यायचं हे त्यांनी मनिषावर सोडलं. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? मेडिकल ते मेडिकल. असं ज्याला वाटतं, त्याला खेड्यात राहून लपवण्यासारखा आजार कधी झालेला नाही, एवढंच.

मनिषा बोरीच्या एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिचा आजार कसा सुरू झाला ते आधीच सांगून टाकतो, कारण गावात नंतर भलतंच बोललं गेलं. तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं, टाके वाळले, पण कंबरेतली कळ काही जाईना. एका दवाखान्यातून दुखणं मारायच्या कॅप्सूल मिळाल्या. पहिली कॅप्सूल घेतली त्या दिवशी तिनं साठलेलं सगळं धुणं एका दमात धुतलं आणि वर गाणंही म्हटलं. हळूहळू दुखणं गेलं, कॅप्सूल मात्र राहिली. एकीच्या दोन झाल्या, मग ती मोजेनाशी झाली. नाही घेतली तर जांभयांवर जांभया, नाकाला धार, पोटात मुरडा आणि हाडांतून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. तिला वाटे, आजार बळावलाय. तिच्या नवऱ्याला, टेम्पो चालवणाऱ्या पंडितला वाटे, अशक्तपणा आहे. दारूला सगळं जग नावं ठेवतं, पण औषधाला कोण ठेवणार? शेवटी एकदा चुलीवरच्या पातेल्यासमोर तिचे हात असे थरथरायला लागले की ओगराळं हातातून सुटून आत पडलं. मग पंडितनं तिला परभणीला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कॅप्सूलची सवय लागलीय तुम्हाला. यात तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या. जिभेखाली ठेवून विरघळवायची एक गोळी त्यांनी लिहून दिली. बीपीच्या गोळीसारखी ती रोज घ्यायची, महिनोन्महिने. सगळीकडं ती मिळत नाही, म्हणून एकच दुकान ठरवायचं आणि आठवड्याच्या आठवड्याला तिथूनच न्यायची. "दुकान तुम्ही सांगा, मी त्यांच्याशी बोलते."

मनिषाला भय होतं ते एकाच गोष्टीचं. बौद्ध वस्तीतली बाई शाळेत शिजवणार म्हटल्यावर सुरुवातीला काही घरांनी तोंडं वाकडी केली होती. उघड कोणी बोललं नाही, हल्ली उघड कोणी बोलत नाही. तिच्या हाताच्या चवीनंच ती तोंडं हळूहळू सरळ केली. पण मनातलं मनातच असतं. तेव्हा लोकांना कारण सांगायची लाज वाटत होती. आता 'बाई नशेच्या गोळ्या खाते' असं ऐकायला आलं, तर त्यांना चांगलं चारचौघांत सांगण्यासारखं कारण मिळालं असतं. खिचडीचं काम गेलं असतं, आणि मनिषा त्या कामावर जगत होती. पगारावर म्हणत नाही मी, तो असतो केवढासा! पातेल्याभोवती पोरं "मावशी, मला, मावशी, मला" करायची, त्यावर ती जगत होती.

म्हणून दुकान निवडताना तिनं पोरीला स्थळ बघावं तशी पारख केली. बोरीतल्या मेडिकलसमोर बाक आहे आणि त्यावर बसणारी मंडळी पुडीच्या आकारावरून आजार ओळखतात. ते बाद. जिंतूरचं दुकान स्टँडसमोर, बोरीची अर्धी एस.टी. त्याच्या दारात रिकामी होते. तेही बाद. परभणीत दवाखान्याखालचं दुकान काचेचं, गारेगार. पण काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी वाचली आणि आत हाळी दिली, "ते नशा सोडायचं औषध हाय का रे आपल्याकडं?" रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मनिषा चिठ्ठी घेऊन उलट पावली बाहेर आली.

चौथं दुकान परभणीतच, बाजारामागच्या गल्लीत होतं, सितारामकाकांचं. काकांनी चिठ्ठी वाचली, तिची घडी घातली आणि म्हणाले, "उन्हातून आलाव बाई, आधी पाणी प्या." बस्स, ठरलं. औषधाचा भाव, दुकानाचं अंतर, काही तिनं विचारलं नाही.

"एवढ्या लांब?" पंडित म्हणाला. "एस.टी.तच निम्मा जीव जाईल की."

"जाऊ द्या. अब्रू तर न्हाई जायची," ती म्हणाली.

शनिवारी शाळा सकाळची. भांडी घासून ती दुपारची गाडी धरायची. कोणी विचारलं तर सांगायची, कंबर शेकायला जायलेय. कॅप्सूल सुटल्या. जेवण जायला लागलं, झोप यायला लागली, हात थरथरायचे थांबले. काकांशी ती बोलायलाही लागली, कारण काका काही विचारत नसत, आणि न विचारणाऱ्याला माणूस सगळं सांगतो. शाळेचं सांगितलं, पातेल्याचं सांगितलं, कोणतं पोर वाटाणे वेचून टाकतं तेही सांगितलं. सांगितला नाही तो फक्त फोन नंबर. "असू द्या, अडीनडीला लागतो," काका म्हणाले होते. ती नको म्हणाली. फोन घरी असायचा, कधी शेजारीण उचलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांनी पुन्हा विषय काढला नाही.

मग एका शनिवारी शाळेत तपासणीला साहेब लोक आले. त्यांचं जेवण, चहा, पुन्हा चहा. मनिषाला निघताच येईना. तिकडं परभणीत सितारामकाका दुपारपासून गल्लीच्या तोंडाकडं बघत होते. एवढ्या आठवड्यांत बाई कधी चुकली नव्हती. गोळीत खंड पडला की पुन्हा कॅप्सूलकडं ओढ लागते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. फोन करावा तर नंबर नाही. तेवढ्यात आपल्या बीपीच्या गोळ्या घ्यायला बजरंग नावाचं एक गिऱ्हाईक आलं. बोलता बोलता गाव निघालं, बोरी.

आता आपल्याकडची रीत अशी, की परभणीहून गावाकडं निघालेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही. कुणाचा चष्मा, कुणाचं शिवलेलं झंपर, कुणाच्या म्हाताऱ्याचं औषध त्याच्या पिशवीत असतंच. देणाऱ्याला संकोच नाही, नेणाऱ्याला ओझं नाही. काकांना आपण काही चुकीचं करतोय असं पुसटसंही वाटलं नसणार. त्यांनी पुडी बांधली आणि कशी घ्यायची, का चुकवायची नाही, हे बजरंगला नीट समजावून दिलं.

बजरंग भला माणूस. इतका भला, की काही विसरू नये म्हणून तो ते एस.टी.त घोकत आला. बोरीत उतरला, मनिषा अजून शाळेतच आहे असं कळलं, आणि तसाच शाळेत गेला. साहेब नुकतेच गेले होते. गुरुजी, शाळा समितीची मंडळी आणि तपासणीसाठी थांबवून घेतलेल्या पोरांना न्यायला आलेल्या काही आया व्हरांड्यात चहा घेत होत्या.

"मनिषाबाई, ही घ्या तुमची गोळी!" तो लांबूनच म्हणाला. "मेडिकलवाले लय काळजी करायलेत. जिभेखाली धरा म्हणले, गिळू नका. आन बंद करू नका म्हणले, न्हाईतर पुन्हा नशेकडं मन जातंय."

मनिषानं ओल्या हातानं पुडी घेतली. "बरं झालं भाऊ, आणलीत," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? शिवी द्यावी तर कोणाला द्यावी?

सोमवारी निम्मी पोरं घरून डबा घेऊन आली. मंगळवारी जवळजवळ सगळी. पातेलं भरलेलं तसंच राहिलं. पोरं लांबून तिच्याकडं बघत होती आणि डोळ्याला डोळा भिडला की खाली बघत होती. "माझं काही म्हणणं नाही बाई, पण पालक..." गुरुजी म्हणाले. "थोडे दिवस आराम करा, मग बघू." बजरंगला हे कळलं तेव्हा तो शाळेत जाऊन गुरुजींशी भांडला. "आरं, बाई नशा सोडायलीय, करायली न्हाई!" असं त्यानं ओरडून ओरडून सांगितलं. ज्या थोड्या घरांना अजून माहीत नव्हतं, त्यांनाही त्यामुळं कळलं.

"आता लपवायचं काय राह्यलंय?" पंडित हताश होऊन म्हणाला. "घे गावातल्याच दुकानातून."

मनिषाला संताप आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. शनिवारी तिनं परभणीची गाडी धरली. काकांना चांगलं सुनवायचं, नंबर दिला नाही याचा अर्थ कळला नाही का म्हणून विचारायचं, आणि या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही, असं ठरवून ती निघाली होती. गल्लीत वळली, तर काका तिला बघून काउंटरमागून उठून बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी तिच्यादेखत उतरली.

"पोचली ना गोळी?"

"पोचली."

"खंड न्हाई ना पडला? मला घास गोड लागेना बघा त्या दिवशी." त्यांनी तिच्यासाठी स्टूल पुढं ओढलं. "बजरंगराव लय भला माणूस. नंबर घेऊन ठेवलाय मी त्यांचा. आता दर शनिवारी एवढी दगदग नको तुमाला. शाळेचं काम टाकून यायचं म्हणजे केवढी अडचण. त्यांच्या हातीच पाठवत जातो."

सुनवायचं म्हणून आणलेले शब्द तसेच ठेवून मनिषा स्टुलावर बसली. या माणसाला सांगावं तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देत बसेल. न सांगावं तर आपण कुढत राहायचं. आणि या दुकानावर राग धरून जायचं तरी कुठं?

"नको काका," ती म्हणाली. "मीच येत जाईन. आता शाळेचा खाडा पडायचा न्हाई."

"सुट्टी मिळाली का?"

"मिळाली."

"बरं झालं बाई. लय गरज होती तुमाला आरामाची," सितारामकाका मनापासून म्हणाले, आणि तिची पुडी बांधायला वळले.