भाऊजींच्या होड्या

माझ्या धाकट्या दिराइतक्या होड्या अख्ख्या रायपुरात कोणी बुडवल्या नसतील. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. पोहताही येत नाही. होड्या हातभर लांबीच्या, सागवानी, आणि सगळ्या माझ्या कपडे धुण्याच्या टबात बुडाल्या.

भाऊजी रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होते. आजारी वॅगनवर तिथे खडूने ‘सिक’ लिहीत. निवृत्त झाले तरी खडू सुटला नाही. माझ्या मिक्सरवर लिहिले, पंख्यावर लिहिले. एकदा मला ताप आला तेव्हा खडू घेऊन दारात उभे होते, मी डोळे उघडले तसा खिशात घातला. बुडालेल्या होड्या फळीवर ओळीने ठेवल्या आहेत, सगळ्या सिक. बुडण्याचे कारण आंधळ्यालाही दिसले असते. बाहेरून तीन हात रोगण, आत कोरे लाकूड. सांध्यातून थेंब शिरला की लाकूड फुगे, सांधा उघडे, होडी तळाला. आणि आत काही लावावे तर वरची फळी आधीच ठोकलेली. मी म्हणायची, आतून लावा. “वहिनी, पाणी बाहेर असते. आत काहून लावू? तुम्ही छत्रीले आतून रोगण लावता का?”

ही खटपट माझ्या जावेसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. ती गेली. कार्तिक पुनवेला ती तळ्यात पानाच्या दोन्यात दिवा सोडायची आणि तो दरवर्षी मधेच बुडायचा. “एक तरी त्या काठाले लागला पाहिजे,” म्हणायची. बाई मोठी घोर लावून घेणारी. कुठेही निघाली की नाक्यावरून वापस, कुलूप नीट लागले का पाहायला. भाऊजी स्कूटर चालू ठेवून ओरडायचे, “अवं, कुलूप का पळून चाललं?”

यंदा भाऊजींनी जाहीर केले, “वहिनी, आतूनच लावलं पाहिजे. माझ्या डोक्यात आलं.” फळी ठोकायच्या आधी त्यांनी आत पातळ रोगण ओतले आणि टीव्हीसमोर बसून होडी मांडीवर अशी फिरवली, की तान्ही मुलेही त्यांनी कधी तशी घेतली नव्हती. पंडरीच्या कापडबाजारातून आणलेले माझे सोफ्याचे नवे कव्हर गेले. वाळल्यावर पुन्हा एक हात. मग फळी. रात्रभर टबात ठेवली, सकाळी फळीला तपासायला ठेवलेल्या बारीक भोकातून काडीला कापूस लावून आत फिरवला. कापूस कोरडा. खडूने लिहिले, ‘फिट’.

पुनवेच्या संध्याकाळी तळ्यावर गर्दी होती. शेजारची बाई म्हणाली, “भैया, दोना नहीं मिला क्या, जहाज ले आए?” भाऊजींनी दिवा लावून होडी सोडली. मधोमध ऐटीत गेली. मग वारा फिरला आणि ती वळून त्यांच्या पायाशी आली. पुन्हा ढकलली. पुन्हा आली. आजूबाजूचे दोने बुडून गेले, लोक पांगायला लागले. मी म्हटले, “भाऊजी, बुडली असती तर घरी तरी गेलो असतो.”

ते हसले नाहीत. होडी पायरीला टेकली होती, दिवा जळत होता.

“कुलूप पाहाले वापस आली,” ते म्हणाले.

“पाहू द्या मग,” मी म्हटले, आणि पायरीवर बसले. तेही बसले. पुन्हा कोणी ढकलली नाही. तेल संपल्यावर होडी उचलली, त्यांनी काडी फिरवली. आत कोरडी होती.