वेताळाशी करार करणारे घरमालक

आमच्या चांदे गावच्या घरमालकांइतका भुताखेतांशी चोख व्यवहार ठेवणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही. वय चाळीस, केस कमरेपर्यंत, अंगात बारा महिने काळा टीशर्ट आणि उद्योग दोन: हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांना खोल्या भाड्याने देणे आणि रिकाम्या गोठ्यात मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारे रॉक, गाणे. गाणे म्हणजे पोटातून गुरगुरणे. पहिल्या दिवशी मी घाबरून खाली धावलो, तर त्यांच्या मातोश्री लसूण सोलत शांतपणे म्हणाल्या, "काय न्हाई, रियाज चाललाय." सगळ्या गाण्यांत कथा एकच. रानात वाट चुकलेल्या माणसाला वेताळ गाठतो, आत्मा मागतो आणि मग घासाघीस सुरू होते. इतरांच्या गाण्यांत अशा वेळी रक्ताने सही होते म्हणे. आमच्या घरमालकांचा नायक अकरा महिन्यांचा करार करतो, दोन साक्षीदार उभे करतो आणि आत्मा रंगरंगोटी करून परत द्यावा अशी अटही घालतो. "कागद पक्का आसला की वेताळ बी हलत न्हाई," हे त्यांचे ठाम मत. शेवटी दर वेळी वेताळच फसायचा. मला तर त्याची दया येऊ लागली होती.

खऱ्या रानात मात्र हा शूर माणूस पार मवाळ. एकदा ते मला ताम्हिणीकडच्या एका देवराईत घेऊन गेले. राईतले वाळके पानसुद्धा घरी न्यायचे नसते. परतल्यावर माझ्या बुटाच्या तळाला नेमके एक पान चिकटलेले निघाले. मी ते कुंडीत टाकणार, तोच त्यांनी हात धरला. "सर, गाडी काढा." त्या एका पानासाठी आम्ही पुन्हा घाटापर्यंत गेलो. पान ठेवून त्यांनी माझ्या वतीने माफी मागितली, तीही अगदी बारीक आवाजात.

गेल्या वर्षी मातोश्रींच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले. डॉक्टर काही खात्री देईनात. आदल्या दिवशी घरमालक एकटेच राईत जाऊन आले. काय मागितलेत, असे मी विचारले.

"आई मागितली. गाणं दिलं."

"किती महिन्यांसाठी?" मी सवयीने म्हणून गेलो.

ते हसले नाहीत. "तितं घासाघीस करत न्हाईत, सर. आन् आईला यातलं काय बोलायचं न्हाई."

मातोश्री खडखडीत बऱ्या झाल्या. गोठा तेव्हापासून गप्प आहे. ज्या आवाजाबद्दल मी तीनदा तक्रार केली, त्यावाचून मला करमत नाही, हे कबूल करायला लाज वाटते. परवा मातोश्रींनी मला अंगणात थांबवले.

"त्याचं काय तरी बिनसलंय. दवाखान्यात शुद्धीवर आले, तवा पैलं त्याचं ते बोंबलणंच ऐकावं वाटलं मला. घरी आले तर ह्यो गप. तुमचं ऐकंल त्यो. माझ्यासाठी एकदा गा म्हनावं."

गोठ्याच्या दारात घरमालक उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. माझ्याकडे बघत त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून.